टोपडेवाल्याचा डावा हात

आमच्या घरी सध्या जेवणाचं माप भागांत चालतं. एक भाग, एक जेवण. भाग म्हणजे जुन्या परदेशी चित्रमालिकेचा भाग. काळ्यापांढऱ्या, खरखरत्या आवाजाच्या या मालिका एके काळी थिएटरांत दर आठवड्याला एकेक तुकडा करून दाखवत. आता त्या नेटवर फुकट पडून आहेत, कोणी ढुंकून बघत नाही. त्यात एक वीर असतो, तो तोंडावर काहीतरी बांधतो आणि पाठीवर काहीतरी सोडतो. एक शास्त्रज्ञ असतो, त्याची एक मुलगी असते आणि जगाचा नाश करायला निघालेला एक दाढीवाला असतो. एवढ्या मोठ्या कामाला त्याच्याकडे माणसं मात्र चारच. भागाच्या शेवटी वीर मरतो. पुढच्या भागात तो मेलेला नसतो.

मी शहापूरला राहते, किन्हवलीच्या पुढच्या एका शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, निवृत्ती जवळ आली आहे. या मालिका मी का बघते, याचं धड उत्तर माझ्यापाशी नाही. बातम्या बघवत नाहीत. घरगुती रडक्या मालिका लावल्या तर आपलंच घर परत बघितल्यासारखं होतं. यांतली दुःखं कशी आपल्या अंगाला लागत नाहीत. वीराचे घट्ट कपडे गुडघ्याशी ढगळ झालेले असतात, मारामारीत त्याचा मुखवटा एका डोळ्यावर सरकतो आणि तो तसाच एका डोळ्याने लढत राहतो. दहा भागांत दहा वेळा तोच एक डोंगर येतो. मला त्या डोंगराची आता ओळख झाली आहे, माहुलीच्या सुळक्यांइतकी.

शिवाय लबाडी. मोटार कड्यावरून खाली जाते, पेट घेते, आत वीर बसलेला आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. पुढच्या भागात तोच कडा, तीच मोटार, पण या खेपेला कडा यायच्या आधी तो दार उघडून झुडपात उडी टाकतो. मागच्या भागात ही उडी नव्हतीच. पहिल्यांदा मी चिडले. वर्गात कोणी असं लिहून झालेलं उत्तर मागाहून बदललं तर मी कान धरते. पण हळूहळू मला त्या लबाडीचीच वाट बघायची सवय लागली. कोणीतरी मागे जातं, झालेलं बदलून येतं, आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. दमलेल्या माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

आमच्या घरात झालेलं बदलायला कोणी गेलं नाही. श्रावणात आई न्हाणीच्या उंबऱ्यावर पडली ती उजवी बाजू घालवूनच. डॉक्टरांच्या भाषेत झटका, आमच्या आळीत लकवा. वाचा चार दिवसांनी परत आली, थोडी जड. पाय काठीच्या आणि माझ्या खांद्याच्या आधाराने घरातल्या घरात ओढता येऊ लागला. हात मात्र आला नाही. तो तिच्या मांडीवर दुसऱ्या कोणीतरी ठेवायला दिल्यासारखा पडलेला असतो. तोंडही उजवीकडे जरा ओघळलं. घरी आणल्यावर तिने लोखंडी कपाटाच्या आरशात स्वतःला पाहिलं आणि असा हंबरडा फोडला की मी त्याच दिवशी त्या आरशावर एक जुनं लुगडं टांगलं.

तेव्हापासून मी तिला भरवते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मऊ भात कालवायचा, वालाचं बिरडं बोटाने चिरडायचं, घास डाव्या गालाकडे सरकवायचा, ती गिळते की नाही बघायचं, ओठ पुसायचे. लोक म्हणतात, आईने तुला भरवलं, आता तू तिला भरव, केवढं पुण्य. असं म्हणणाऱ्यांनी एक आठवडा येऊन राहावं. पुण्याने कंबर दुखायची थांबत नाही. मी टीव्ही लावायला लागले ते खरं तर माझ्यासाठी. घास आणि घास यांच्या मधली ती लांबच लांब जागा कशाने तरी भरावी म्हणून. आईने पहिले काही दिवस तिकडे लक्ष दिलं नाही. मग एक दिवस वीर लाव्हाच्या नदीत पडला आणि तिने विचारलं, "मेला?"

"नाही गं. उद्या उठेल."

"मंग आज कशाला रडाचं," ती म्हणाली आणि तोंड उघडलं. रोज मरे त्याला कोण रडे.

माझ्या रजा संपत आल्या होत्या. किरकोळ संपली, अर्जित संपली, अर्धपगारीही झाली, शेवटी दिवाळीची सुट्टी आली तेवढाच श्वास. सुट्टी संपल्यावर सोमवारी शाळा उघडणार होती आणि मला जाणं भाग होतं. शेजारची वहिनी चांगली बाई आहे, पिठाची गिरणी चालवते. तिने आधीच साफ सांगितलं होतं. "दुपारचं ताट मी वाढीन, हात धुवाला पानी देईन, शेजारी बसीन पन. पन भरवाचं माझ्यानं नाय होनार गो ताय. गिरनीवर मानसं उभी असतात." तिचं बरोबर होतं. म्हणजे सगळं अडलं होतं ते एका गोष्टीपाशी. आईने दुपारचं एक जेवण आपल्या हाताने जेवलं पाहिजे होतं. नाहीतर माझा भाऊ म्हणत होता ते.

भाऊ कल्याणला असतो. तो वाईट नाही. घर दोन खोल्यांचं, दोघं नोकरी करतात. बदलापूरच्या बाजूला त्याने एक जागा बघून ठेवली होती, जिथे अशा माणसांना ठेवून घेतात. फोटो पाठवले होते. पांढऱ्या चादरी, भिंतीला धरायला दांडे, अंगणात तुळस. "ताई, तुळससुद्धा आहे," तो म्हणाला होता, जणू काही आई तुळशीसाठीच अडून बसली होती.

आणि डावा हात? तो तर ठणठणीत होता. आठवड्यातून दोनदा वाशिंदहून व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. तिने एकदा आईकडे रबरी चेंडू टाकला. आईने तो डाव्या हाताने असा अलगद झेलला की ती मुलगी बघत राहिली. "काकू, आजी मुळात डावखुऱ्या आहेत का? हा हात नवखा वाटत नाही."

"कोन म्हनतो?" आई कडाडली. "डावरी असेल तुझी सासू."

त्या मुलीचं लग्न व्हायचं होतं, ती हसली. पण जाताना मला म्हणाली, "या हाताने त्या सहज जेवतील. त्यांना जेवायचं नाहीये, एवढंच." मी चमचा दिला, नको. वाटी दिली, नको. पोळीचा तुकडा नुसता हातात ठेवला, तो तिने तसाच ताटात सोडला. "या हाताचं काम निराळं हाय. अन्नाला तो लावाचा नाय." किती समजावलं, किती चिडले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ मी रोज तीन वेळा बघत होते.

दिवाळीच्या सुट्टीत एक मालिका संपली म्हणून मी दुसरी लावली. हिच्यातला वीर नवीनच होता. डोक्याला घट्ट कापडी टोपी, कानांवरून खाली येऊन हनुवटीखाली बांधलेली, आणि पाठीवर गुडघ्यापर्यंत काळं कापड. आईने घास गिळला आणि तिचा डावा हात वर आला.

"अगो, ह्यो तं टोपडेवाला!"

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

"म्हसाच्या जत्रंत पायला मी. आमी टोपडेवालाच म्हनायचो. बारक्या पोराला बांधतात तसा टोपडा, आन पाठीवर इरलं."

आईचं माहेर मुरबाडकडे, म्हसापासून पायी जाण्याजोगं. पौषात तिथे जत्रा भरते, बैल आणि घोंगड्यांचा बाजार. आई जत्रेबद्दल पूर्वीही बोलायची, पण ते नेहमी बैलांबद्दल. सिनेमा पाहिला होता हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती तेव्हा परकरातली पोर. जत्रेत एक तंबू यायचा आणि जत्रा असेपर्यंत ही परदेशी मालिका रोज थोडी थोडी दाखवायचा. तेव्हाही ती जुनीच असणार, शहरांनी बघून टाकलेली. इंग्रजी कोणाला कळत नव्हतं. तंबूचा एक माणूस काठी घेऊन उभा राहायचा आणि ओरडून सांगायचा, आता ह्याने त्याला धरलं, आता त्याची मुलगी पळवली. आईची आत्या तिला घेऊन रोज जायची, कारण आत्याला टोपडेवाल्याची काळजी लागून राहिली होती.

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. श्रावणापासून ती एवढं सलग बोलली नव्हती. मला इतकं बरं वाटलं की भात थंड झाला तरी मी मध्ये बोलले नाही.

मग पडद्यावर मारामारी सुरू झाली आणि तिचा चेहरा बदलला.

"ह्यो तो नाय."

"आता तर म्हणालीस."

"तो डावरा व्हता. ह्यो उजव्या हातानं मारतो."

मी म्हटलं, तुझं चुकत असेल. झालं. पुढचे तीन-चार दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी चित्र थांबवून थांबवून दाखवलं. तो फोन उजव्या हाताने उचलतो, पिस्तूल उजव्या हाताने धरतो, दाढीवाल्याच्या माणसांना उजव्याच हाताने ठोकतो. आई मान हलवायची. "त्याचा भाऊ असेल. माझा टोपडेवाला डावरा व्हता." मालिकेतल्या शास्त्रज्ञाची मुलगी जितकी हटवादी नव्हती तितक्या आम्ही दोघी.

गुरुवारी दुपारी माझा तोल गेला. मी ताट जरा जोरात ठेवलं. "डावरा होता, डावरा होता! मग त्याच्यासारखं जेव ना डाव्या हाताने. कशाला माझा जीव खातेस?"

 ती अगदी शांतपणे म्हणाली, "मना आन घातलेली हाय."

शपथ. तिने सांगितलं ते असं. ती जन्मापासून डावरी. तिची आई जेवणाच्या वेळी तिचा डावा हात पदराच्या टोकाने पाठीशी बांधून ठेवायची, सुटला की बांधायची. सगळेच तसं करत, त्यात राग नव्हता. मग जत्रा आली आणि तिने टोपडेवाला पाहिला. एवढा मोठा बाप्या, दोन्ही हात मोकळे, आणि सगळ्यांना डाव्या हाताने लोळवतो. "मना वाटलं, ह्याचा हात कुनी बांधला नाय." जत्रेवरून आली त्या दिवशी तिने गोठ्यात बसून अख्खी भाकरी डाव्या हाताने खाल्ली. तिच्या आईने बघितलं. मारलं नाही. मुलीचा तो हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि रडत म्हणाली, परत या हाताने जेवशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. डावरी पोर कोण करून घेणार, एवढीच तिला धास्ती होती.

"आई, ती जाऊन किती वर्षं झाली. आता कसली शपथ?"

"ती गेली तवा मी बाळंतीन व्हते, तुझ्या वेळंला. मना कुनी नेलं नाय." आईने मांडीवरचा तो निर्जीव हात डाव्या हाताने जरा सरळ केला. "मी तिचं मेलेलं तोंड नाय पायलं. आन पाळली म्हनून नाय पायलं."

 मला तिचा राग आला नाही, हसू आलं नाही, नुसता थकवा आला, पायापासून वर. मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, तुम्ही तंबूत पुढे बसायचात की मागे.

"आमी बायका पलीकडल्या अंगाला. मधी पडदा, तिकडं बाप्ये, इकडं बायका. पडद्यावर पानी मारायचे, मंग आमाला साफ दिसायचं. पडद्याच्या खालून बाप्यांचे पाय दिसायचे, आमच्याकडं वळलेले."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. पडदा मध्ये. यंत्र पुरुषांच्या बाजूला. बायका पडद्याच्या पाठीमागून बघत होत्या. त्यांना सगळंच उलट दिसलं असणार, उजव्याचं डावं. बाईमाणसांना कोपऱ्यात टाकायच्या त्या रीतीने एका मुलीला डावरा वीर मिळाला होता.

मी मास्तरीण. कळलं की शिकवल्याशिवाय राहवत नाही. मी ओढणी धरली, एका बाजूला तिला बसवलं, दुसऱ्या बाजूने हाताने खुणा करून दाखवल्या. तिला समजलं. चांगलंच समजलं.

"म्हंजे तो डावरा नव्हताच?"

मी ओढणीची घडी घालू लागले.

"मंग मी भाकर कशापायी खाल्ली?" ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्या दुपारी तिने पुढे एकही घास घेतला नाही, संध्याकाळी थोडं दूध घेतलं. शुक्रवारी टीव्ही लावला तर म्हणाली, बंद कर ते. शहाणपणाचं बक्षीस मला लगेच मिळालं होतं. भरवणं होतंच, आता ते मुक्याने करायचं होतं. भावाचा फोन आला. रविवारी तो गाडी घेऊन येतो म्हणाला, तिघं जाऊन जागा बघून येऊ. मी बरं म्हणाले. मला खरोखर बरं वाटलं, हेही लिहून टाकते. मग फोन ठेवल्यावर त्या बरं वाटण्याचंच वाईट वाटत राहिलं.

शनिवारी सकाळी मी केर काढत होते. कपाटावरचं लुगडं केरसुणीत अडकून एका टोकाने खाली आलं, आणि आरशाच्या त्या पट्टीत भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, उलट्या आकड्यांचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी केर तसाच ठेवला.

टीव्ही उचलून आईच्या पलंगाच्या डोक्याकडे, ट्रंकेवर ठेवला, कपाटाकडे तोंड करून. वायर पुरेना म्हणून पलंग ओढला. आई बघत होती. दुपारी मी तिला उशांना टेकवून कपाटासमोर बसवलं, पुढे छोटं टेबल, टेबलावर ताट. मग लुगड्याला हात घातला आणि थांबले. आरसा उघडायचा म्हणजे आधी तिला स्वतःचं तोंड दिसणार होतं.

"काढ," ती म्हणाली.

तिने बराच वेळ स्वतःकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, बटण शोधत राहिले. शेवटी ती म्हणाली, "बरीच उतरले गो," आणि तेवढ्यावरच ते संपलं.

मालिकेची पाटी आली. आरशात अक्षरं उलटी होती. आईला एक इंग्रजी अक्षर येत नाही, पण ती पुढे वाकली. "ही अक्षरं मना ठावं हायत. आमी धुळीत काढायचो." आणि मग तो आला, टोपडं, इरलं, पायात ते ढगळ पायमोजे; आणि दारातून शिरलेल्या पहिल्याच माणसाच्या जबड्यावर त्याने डाव्या हाताची एक सणसणीत ठेवून दिली.

"ह्योच!" आई ओरडली. "ह्योच माझा टोपडेवाला!"

ती हसत होती. वाकड्या तोंडाने, लाळ गळत होती, मी पुसली. आरशात आम्ही दोघी दिसत होतो आणि आमच्या खांद्यावरून तो दिसत होता, एकेकाला लोळवताना. मला वाटलं, जमलं. मी ताट हळूच तिच्या डाव्या हाताकडे सरकवलं.

तिने नजर न हलवता तोंड उघडलं. भरव म्हणून.

मी दोन घास भरवले. तिसरा कालवला आणि माझ्याने पुढे होईना. "आई, मी दमले," मी म्हणाले. ओरडले नाही. "मी फार दमले गं. परवा मला जायचंय. उद्या तो येतोय गाडी घेऊन. मला तुला तिकडे ठेवायचं नाहीये, पण मी दमले." घास ताटात ठेवला, हात धुतला आणि मागच्या दाराने जाऊन धुण्याच्या दगडावर बसले.

मागे कोणाच्या तरी खळ्यावर भात झोडत होते, त्याचा धपधप आवाज येत होता. मी रडले नाही. रडायलाही अंगात काहीतरी लागतं. आतून मालिकेचं ते घाईघाईचं संगीत ऐकू येत होतं, म्हणजे टोपडेवाला कुठेतरी अडकला होता, भिंती जवळ येत असतील किंवा पाणी चढत असेल. मग संगीत थांबलं. भाग संपला. थोड्या वेळाने पुढचा आपोआप सुरू झाला. ताट काढून ठेवावं म्हणून मी उठले.

दारातून मला आधी आरसाच दिसला. आरशात आई जेवत होती. उजव्या हाताने.

 हात आला, मला वाटलं. भात बोटांनी गोळा करत होती, घास घेत होती, थोडा सांडत होता, पण तो हात चालत होता. तेवढा एक क्षण मी ते पूर्ण खरं मानलं. मग नजर पलंगाकडे गेली. उजवा हात मांडीवर होता तिथेच होता.

ती ताटाकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. मान ताठ धरून ती फक्त आरशात बघत होती. पाठीमागे टोपडेवाला पाण्यातून बाहेर आला असावा, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"इकडं नको बघू," ती म्हणाली. "आरशात बघ. बघून सांग, कंच्या हातानं जेवते मी?"

मी आरशात बघितलं.

"उजव्या," मी म्हणाले.

"मंग," ती म्हणाली, "आय भेटल्यावर तिला तसंच सांगीन." आणि तिने बिरड्यातला एक वाल बोटाने चिरडला आणि भाताबरोबर उचलला.